इनबॉक्समधली फरदड

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता ‘तुमची जागा संपली आहे’ असं कुणी कळवू नये. मोबाइलवर हे वाक्य वाचून मी आधी छातीवर हात ठेवला. मग विम्याचा हप्ता भरला होता का, ते आठवून पाहिलं. मग चष्मा शोधून उरलेला मजकूर वाचला, तेव्हा कळलं की जागा माझी नव्हे, माझ्या ईमेलची संपली आहे. साफसफाई केली नाही तर यापुढे नवे मेल येणार नाहीत, अशी धमकीही खाली होती.

इतकी गोड धमकी मला आजवर कुणी दिली नव्हती. नवे मेल येणार नाहीत! मी समाधानाने दिवा मालवला. अंधारातून बायको म्हणाली, “अहो, पण पेन्शनचे कागद मेलवरच येतील ना?”

सरकारी मास्तराला कुठल्याही झोपेतून उठवील असा हा एकच शब्द आहे. मी दिवा पुन्हा लावला.

मी आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे आम्ही. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू आणि कागदावर इंग्रजी अशी आमची वाटणी आहे, त्यामुळे चार भाषांतला मजकूर एकाच पेटीत येऊन पडतो. माझ्या ईमेलच्या पत्त्यात ‘एपी झिरो वन’ आहे. पत्ता काढला तेव्हा जिल्ह्यातल्या गाड्यांवर तोच नंबर असे. २०१४ मध्ये तेलंगणा झालं आणि नव्या गाड्यांवर ‘टीएस’ आलं. २०२४ मध्ये ‘टीएस’चं ‘टीजी’ झालं. माझा ईमेल अजून आंध्र प्रदेशातच आहे. पत्ता बदलायचा तर बदलल्याचा मेल सगळ्यांना पाठवावा लागतो, आणि तो कुणीही वाचणार नाही याची मला स्वतःच्या अनुभवावरून खात्री आहे.

आता या गर्दीचा दोष मी माझ्याकडे का घ्यावा? गूगलने जीमेल सुरू केलं १ एप्रिल २००४ ला, आणि फुकटात चक्क एक जीबी जागा देऊ केली. त्या काळी हॉटमेलवर दोन एमबी मिळत. मेल आला की वाचायचा आणि दुसरा यायच्या आत पुसायचा, असा सगळा शिस्तीचा कारभार होता. जीमेलची तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली. ती थट्टाच होती, फक्त कळायला वीस वर्षं लागली. टीव्ही भंगारात गेला तरी त्याचं खोकं जपून ठेवणाऱ्या माणसाला ‘काही पुसू नका, हवं तेव्हा शोधून काढा’ असं सांगितल्यावर तो काय पुसणार आहे? पुढे जागा पंधरा जीबी झाली. तीत फोटोही धरले जातात. म्हणजे शुभ सकाळचे गुलाब आणि पेन्शनचे कागद एकाच रांगेत जागेसाठी उभे.

न वाचलेल्या मेलांचा आकडा पाच आकडी झाला होता. नंदीग्राम एक्स्प्रेसची तिकिटं होती: जाऊन आलेल्या प्रवासांची, रद्द केलेल्यांची आणि वेटिंगवरच वारलेली. विवाह जुळवणाऱ्या एका संस्थेचे मेल होते. मुलीच्या लग्नासाठी नाव नोंदवलं होतं. तिचा मुलगा आता शाळेत जातो, तरी दर सोमवारी ‘खास आपल्यासाठी नवीन स्थळं’ येतात. नोंदणी माझ्या नावावर असल्यामुळे त्यातली काही वधूपक्षाकडूनही असतात. हा मेल मी उघडत नाही, पण बायकोने एकदा उघडलेला दिसला. एका गादीवाल्याचे मेल होते. त्याची सवलत ‘फक्त आज’ असते आणि रोज असते. शिवाय मला मीच पाठवलेले मेल होते. विषय: महत्त्वाचे. आत काही नाही.

आणि कार्यालयीन मेल. आमच्याकडे कार्यालयीन मेल कधी एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग फोन येतो.

“मेल चूशारा, सार?”

“पाहतो. काय आहे त्यात?”

मग पलीकडचा माणूस मेल अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवतो. मी कागदावर उतरवून घेतो. माहिती मी तिथल्या तिथे फोनवर देतो, तो ती लिहून घेतो, आणि शेवटी म्हणतो, “मेल मात्र पाहून घ्या, सार.” पाठोपाठ त्याच मेलचा फोटो वॉट्सॲपवर येतो, तिरका. विषयांची चढण ठरलेली असते: ‘अर्जंट’, ‘मोस्ट अर्जंट’, ‘स्मरणपत्र १’, ‘स्मरणपत्र २’ आणि शेवटी ‘आधीच्या मेलकडे दुर्लक्ष करावे’. हा शेवटचा विषय मला फार आवडतो. आधीचा मेल न वाचणाऱ्याच्या दूरदृष्टीला एवढी दाद दुसरं कुणी देत नाही.

रविवारी आंघोळ करून, टेबल पुसून मी साफसफाईला बसलो. पहिलं काम वर्गवारी. ‘महत्त्वाचे’ असं लेबल केलं. अर्ध्या तासात सगळंच त्यात जाऊन बसलं. म्हणून ‘फार महत्त्वाचे’ केलं. मग ‘खरोखर महत्त्वाचे’. पाठोपाठ ‘बघू’, ‘नंतर बघू’ आणि ‘दिवाळीनंतर’ ही लेबलं झाली. कुठल्या दिवाळीनंतर, ते मोघम ठेवलं. ‘इतर’ भरल्यावर ‘इतर नवीन’ काढलं. प्रत्येक लेबलाला रंग देता येतो हे कळल्यावर जेवणाची वेळ कधी झाली ते समजलं नाही.

“झालं का?” आतून विचारणा झाली.

“रंग ठरले.”

‘आदिलाबाद’ हे लेबल फार फुगलं होतं. त्यावर उपाय सरकारनेच दाखवून ठेवला होता. ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमराम भीम आसिफाबाद. मीही लेबलाचे चार तुकडे केले. सरकारला निदान कुठलं गाव कुठल्या जिल्ह्यात जाणार ते ठाऊक होतं. माझ्याकडे मंचिर्यालला बदलून गेलेल्या शिक्षकाने निर्मलच्या शिबिराबद्दल आदिलाबादच्या पत्त्यावर पाठवलेला मेल होता. मग कळलं, एका मेलला दोन लेबलंही लावता येतात. जिवतीच्या डोंगरात चौदा गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्राचाही दावा आहे आणि तेलंगणाचाही. लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं, मतदानही दोन्हीकडे. माझ्या निम्म्या मेलांना मी तोच दर्जा बहाल केला. आता ते दोन ठिकाणी होते आणि दोन्हीकडे न वाचलेले होते.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो मोठ्या कंपनीत आहे. म्हणाला, “मामा, आयझेनहॉवरची पद्धत वापरा. चार चौकोन. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि दोन्ही नाही.” मी वहीवर चार चौकोन आखले. कार्यालयाचे सगळे मेल पहिल्या चौकोनात गेले, कारण तसं त्यांच्या डोक्यावरच लिहिलं होतं. गादीवालाही पहिल्यात गेला. सवलत आजच संपत होती. चौथ्या चौकोनात टाकण्याजोगा एकही मेल सापडेना. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला हे जमत असेल, कारण त्याला गादीवाले मेल करत नसावेत.

मग भाच्याने ‘इनबॉक्स झिरो’ सांगितलं. मर्लिन मान नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ही कल्पना मांडली आणि २००७ मध्ये गूगलच्या कचेरीत तिच्यावर भाषणही केलं. आलेला प्रत्येक मेल तिथल्या तिथे निकालात काढायचा. पुढे ते स्वतःच समजावत राहिले की हे शून्य मेलांच्या संख्येचं नाही. आपलं डोकं त्या पेटीत किती अडकून पडलंय, त्याचं आहे. त्यांनी या विषयावर पुस्तक लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. एवढं ऐकून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली. आमचा अभ्यासक्रम याच पद्धतीने पूर्ण होतो.

नको असलेल्या जाहिराती बंद करायला घेतल्या. खाली बारीक अक्षरात ‘सदस्यत्व रद्द करा’ असतं. ते दाबलं की ‘तुम्ही जाताय याचं दुःख वाटतं’ असा मेल येतो. मग ‘का जाताय, हे पाच प्रश्नांत सांगा’ असा. मग ‘तुमची विनंती मिळाली’, मग ‘तुमची विनंती मान्य झाली’. आठवड्याने ‘परत या, तुमच्याशिवाय करमत नाही’. माझ्या बदलीच्या वेळी पूर्ण शाळेला मिळून एवढं दुःख झालं नव्हतं.

त्यातच घरच्यांची भर. पुण्याच्या चुलत भावाला बढती मिळाली. त्याने पूर्ण गोतावळ्याला एकच मेल केला. सगळ्यांनी सगळ्यांना ‘अभिनंदन’ पाठवलं. बंगळूरच्या मेहुण्याने सगळ्यांना लिहिलं की कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका. त्यावर सगळ्यांनी सगळ्यांना ‘सॉरी’ म्हटलं. काकूंनी सगळ्यांना विचारलं की हा प्रकार बंद कसा करायचा. तिघांनी तीन वेगळ्या रीती सगळ्यांना कळवल्या. चार दिवसांनी न्यू जर्सीचा पुतण्या उठला आणि त्याने सगळ्यांना विचारलं, “कशाबद्दल अभिनंदन?”

या सगळ्याच्या मुळाशी गेलं तर माणसाला बरं वाटतं. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला ईमेल पाठवला. त्यात काय लिहिलं होतं, ते त्यांना स्वतःलाच पुढे आठवत नव्हतं. लक्षात ठेवण्याजोगं काही नव्हतंच, असं ते सांगत. म्हणजे पहिल्या मेलपासूनच परंपरा शुद्ध आहे. मे १९७८ मध्ये संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरातीचा मेल पाठवला. लोक भडकले, तक्रारी झाल्या. पण आपला माल त्यातून खपला, असं ते अभिमानाने सांगत राहिले. माझा गादीवाला थेट त्यांच्या गादीवर बसलेला आहे.

पण माझ्या पेटीची खरी अडचण टॉमलिन्सन यांच्याही आवाक्याबाहेरची आहे. गावात ज्याचा ईमेल नाही तो फॉर्मवर मास्तरांचा ईमेल लिहितो. मला विचारायची पद्धत नाही. शाळेच्या भिंतीवर माझा पत्ता कुणीतरी खडूने लिहून ठेवला आहे. त्यामुळे गावातल्या पोरांची हॉलतिकिटं, पोरींच्या शिष्यवृत्त्या, कुणाच्या मोटारसायकलचा विमा, कुणाच्या जमिनीच्या कागदाचा अर्ज आणि अर्ध्या गावाचे ओटीपी माझ्याकडे येतात. ओटीपी आला की मी मोबाइल घेऊन गल्लीत उभा राहतो आणि ओरडतो, “कुणाचा आहे रे?” मुदत संपल्यावर दोघंजण एकदम येतात.

शिवाय शोधाशोध. मराठीत ‘पावती’ टाकलं तर काही निघत नाही. इंग्रजीत ‘रिसीट’ टाकताना स्पेलिंग आडवं येतं. तेलुगूत ‘रसीदु’ टाकलं तर माझी पाणीपट्टी सोडून बाकी गावाची जमाखर्चाची वही उघडते.

अशा अवस्थेत दाजी आले. दाजींचं आयुष्य आदिलाबादच्या कापसाच्या मार्केट यार्डात गेलं. गाडीत कोपरापर्यंत हात घालून ते ओल सांगतात, आणि यंत्र त्यांच्यामागून तोच आकडा दाखवतं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कापून, त्यापुढे सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, घेत नाही. २०२५ पासून तिथेही ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि स्लॉट आले, म्हणून दाजी मोबाइलवर खार खाऊन होते.

“काय करून राहिले, मास्तर?”

“मेल लावतोय, दाजी.”

“आणा इकडं.” त्यांनी मोबाइल घेतला. “हा कोण होय?”

“बँक. कर्ज देते म्हणते.”

“आपण मागितलं?”

“नाही.”

“काढा. हा कोण?”

“२०१३ च्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक.”

“झालं ते प्रशिक्षण?”

“झालं. पण राहू द्या, लागलं तर…”

‘लागलं तर’ ऐकून दाजींनी मोबाइल खाली ठेवला.

“हे फरदड होय, मास्तर. वेचणी झाली का पऱ्हाटी उपटून टाकायची असते. माणूस म्हणते, राहू द्या, अजून चार बोंडं येतील. येतात ना चार. अन् त्याच्यासंगं गुलाबी बोंडअळी पुढच्या सालापर्यंत मुक्काम करते.”

कृषी खात्याची माणसं हेच दरवर्षी सांगतात आणि शेतकरी दरवर्षी चार बोंडांसाठी पऱ्हाटी उभी ठेवतो. मी माझ्या पेटीकडे पाहिलं. २०१३ उभं होतं. २०११ ही उभं होतं. एका मृत मुख्याध्यापकांचं ‘तातडीने भेटा’ही उभं होतं, आणि ते काढायला मात्र दाजीही धजेनात.

मग दाजींनी माल लावला. पहिली वेचणी ठेवायची, कवडी म्हणजे किडका हलका माल बाजूला, फरदड उपटायची. माझी लेबलं, रंग आणि चौकोन त्यांनी विचारातही घेतले नाहीत. एका चहात त्यांनी तीन वर्षं संपवली, दुसऱ्या चहात २०१६ चे चारही जिल्हे. पुसण्यापूर्वी प्रत्येक वेळी मोबाइल विचारे, “नक्की?” मी गप्प बसे, दाजी ‘हो’ दाबत. न वाचलेल्यांची संख्या पाच आकड्यांवरून तीन आकड्यांवर आली. मला घरात पाहुणे येऊन गेल्यासारखं उदास वाटत होतं.

संध्याकाळी दार वाजलं. शेजारची पोरगी.

“सर, माझं हॉलतिकीट आलं का? उद्या पेपर हाय.”

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी छताकडे पाहिलं. पुसलेले मेल तीस दिवस कचरापेटीत पडून असतात, ही जीमेलची सोय आहे. आम्ही तिघं त्या पेटीत उतरलो. गादीवाला, गादीवाला, बँक, नवीन स्थळं, ‘सॉरी’, ‘सॉरी’, ‘कशाबद्दल अभिनंदन?’ आणि त्यांच्यामध्ये हॉलतिकीट. विषयाच्या जागी नुसता आकडा होता. अर्जंट नाही, मोस्ट अर्जंट नाही.

“कवडीत टाकला होता मी,” दाजी म्हणाले. “पण मास्तर, कवडीलेही गिऱ्हाईक असतेच.”

पोरगी हॉलतिकीट छापायला पळाली. दाजींनी मोबाइल परत दिला आणि त्यानंतर त्या विषयाला हात लावला नाही. मीही त्या तीस दिवसांत कचरापेटी इनबॉक्सपेक्षा जास्त निष्ठेने वाचली.

खरं तर निरोपाला मेल लागतोच असं नाही. आमच्याच जिल्ह्यात केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेस्राम कुळातली माणसं आधी बैलगाडीने गावोगाव फिरून सांगावा देतात, मग अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. माणसांची नुसती रीघ लागते. कुणी ‘मोस्ट अर्जंट’ लिहीत नाही, कुणाला स्मरणपत्र जात नाही. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तिथे दरबार सुरू झाला. अधिकारी समोर बसतात आणि लोक गाऱ्हाणं तोंडाने सांगतात. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘नंतर बघू’ हे लेबल लावायला फार मोठी छाती लागते.

तेव्हा एवढ्या खटाटोपानंतर माझा निकाल असा: मेल लावणं हा मेल न वाचण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे, आणि महत्त्वाचा मेल तोच, ज्याच्यासाठी कुणीतरी दार वाजवतं. बाकी सगळी फरदड. या हंगामात उपटून टाका. बढती मिळाल्यास अभिनंदन एकट्यालाच करा. आणि आमच्या मंडलातल्या समस्त ग्रामस्थांना हात जोडून विनंती, पुढच्या फॉर्मवर तरी स्वतःचा ईमेल लिहा. नसेल तर या, काढून देतो. फक्त ओटीपी यायच्या वेळी जवळ उभे राहा.